सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी जीप नव्याने उभी करताय? आधी कामाचा क्रम लावा

जुन्या महिंद्रा जीपवर घरी काम सुरू करणारे बहुतेक लोक हत्यारात किंवा पैशात चुकत नाहीत, क्रमात चुकतात. गाडी आणली, येत्या रविवारी मित्र बोलावून सगळी खोलली, बॉडी रंगाला टाकली, रुंद टायर मागवले आणि मग कळतं की चॅसिसचा मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातोय. तोवर जून लागलेला असतो, प्रायमर मारलेला पत्रा ओल खात बसतो आणि सेक्रेटरी दर रविवारी विचारतात की हे भंगार कधी हलवणार. मुंबईत अशा अर्धवट जीपा कितीतरी बिल्डिंगांमध्ये ताडपत्रीखाली पडून आहेत.

खाली लिहिलंय ते सीजे-३बी, सीजे-३४०, एमएम ५४०, एमएम ५५० असल्या पाट्यावरच्या (लीफ स्प्रिंगच्या), वेगळ्या चॅसिसच्या जीपांसाठी. जिप्सीलाही बरंचसं लागू पडेल, पण जिप्सीचं इंजिन आणि वायरिंग वेगळं, तिथे डोकं वापरा.

## टप्पा १: कागद. पाना हातात घेण्याआधी

हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे शेवटी ठेवतात, आणि गाडी तयार झाल्यावर आरटीओच्या दारात अडकतात.

परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा: मालकाचं नाव, फिटनेसची मुदत, टॅक्स, बँकेचा बोजा, ब्लॅकलिस्ट. मग चॅसिसवरचा कोरलेला नंबर वायर ब्रशने हलकेच साफ करून त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासा आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवा. इंजिन नंबरही तसाच. जुन्या जीपांची इंजिनं तीन-तीनदा बदललेली असतात आणि आरसीवर नोंद मात्र पहिल्याचीच, ही भानगड घेण्याआधी सोडवा, घेतल्यावर नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि तेव्हा गाडी दाखवावी लागते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून नवीकोरी दिसणारी उघडी जीप ट्रकवर मागवणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं, कारण बॉडी नवी, चॅसिस कुठलं तरी आणि कागद तिसऱ्याच गाडीचे, असलं प्रकरण मुंबईत रजिस्टर होत नाही.

आता हौशी लोकांना न आवडणारा भाग. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे चॅसिस कापून लांब करणं, भलतंच इंजिन बसवणं हे विषय इथेच संपले.

५० वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ऐकायला भारी वाटतं, पण ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. शिवाय मूळ रूप राखलेलं लागतं. दर शनिवारी लोणावळ्याला जायचं असेल तर साधं रजिस्ट्रेशनच बरं.

इशारा: मिलिटरी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, रंग मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. निम्म्या लोकांचं स्वप्न तोच रंग असतो म्हणून आधीच सांगतोय.

## टप्पा २: जागा आणि मुहूर्त

सोसायटीला अर्ज द्या, लेखी परवानगी घ्या, त्यात कामाचे तास लिहा. ग्राइंडर दुपारी दोन ते चार चालवलात तर पहिल्या आठवड्यातच तक्रार येणार. स्टिल्ट पार्किंगमध्ये वेल्डिंग आणि स्प्रे दोन्ही नको, शेजारी दहा गाड्या आणि त्यांच्या टाक्या उभ्या असतात. ही दोन कामं बाहेर द्या किंवा वर्कशॉपची जागा थोडे दिवस भाड्याने घ्या. उरलेलं सगळं घरी होतं.

मुंबईत सुरुवात नवरात्रानंतर करायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तपासणी आणि खोलणं, थंडीत पत्रा आणि मेकॅनिकल, फेब्रुवारी-मार्चपर्यंत रंग. पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की उघडा पत्रा घासून ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर गंज दिसतो, आणि समुद्राजवळ राहत असाल, वरळी, वर्सोवा, कुलाबा, तर थंडीतही तीच गत.

हत्यारं: रिंग पाने आणि सॉकेट, मिलिमीटरचे आणि इंचाचे दोन्ही, कारण जुन्या जीपला इंचाचे बोल्ट जास्त. टॉर्क पाना. चांगला जॅक, चार लोखंडी घोड्या, पुलर, मल्टिमीटर, एबीसी पावडरचा फायर सिलिंडर. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं, बोल्ट आणि बेअरिंगसुद्धा, फक्त जुना नमुना खिशात घेऊन जा.

इशारा: गाडी कधीही पेव्हर ब्लॉकवर किंवा विटांवर उभी करून खाली शिरू नका. पेव्हर ब्लॉक न सांगता फुटतो. जॅकवर उचला, घोड्यांवर ठेवा, मग हाताने जोरात हलवून बघा, हलली तर परत ठेवा.

## टप्पा ३: न खोलता तपासणी

इथे वेळ घाला. मी म्हणेन एक पूर्ण शनिवार-रविवार.

पहिलं चॅसिस. हातोडीने टकटक करत पुढून मागे जा, आवाज खणखणीत येतो तिथे ठीक, बद्द येतो तिथे खूण करा. पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर, बॉडी माउंट आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट होतो ती जागा, ह्या चार ठिकाणी टोकदार स्क्रू ड्रायव्हर टोचा. मग दोन कर्ण मोजा, पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. फरक पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चॅसिस वाकलंय, ते सरळ करणं घरचं काम नाही.

दुसरं पत्रा. साधं फ्रिजवरचं मॅग्नेट कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर आहे आणि खाली बहुतेक वेळा भोक. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीखाली, व्हील आर्चच्या मागे आणि काचेच्या फ्रेमची खालची कड, ही नेहमीची ठिकाणं.

तिसरं इंजिन. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इंजिनाला धक्का स्टार्ट मारायची जी आपल्याकडे खुमखुमी असते ती आवरा. चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि दोन हजारांत भागलं असतं ते काम फुल इंजिनवर जातं. पेट्रोल असेल तर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग क्रँकच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर स्टार्टरने फिरवून कंप्रेशन मोजा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दिसला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा: आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट. डिझेलला पेट्रोलचा गेज लावू नका, डिझेलचं कंप्रेशन खूप जास्त असतं, गेज फुटेल.

तपासा: ह्या टप्प्याच्या शेवटी हातात लिखित यादी हवी, दोन रकान्यांची. "ह्याशिवाय गाडी चालवणं धोक्याचं" आणि "नंतर चालेल". पैसे पहिल्या रकान्यात संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघायचं नाही.

## टप्पा ४: खोलणं

अख्खी गाडी एकदम खोलू नका. एक भाग काढा, दुरुस्त करा, ठेवा, मग पुढचा. हे ऐकणारे लोक कमी आणि गाडी पूर्ण करणारेही तेवढेच.

प्रत्येक जोडणीचे तीन फोटो काढा, लांबून, जवळून आणि हात आत घालून. बोल्ट, वायसर, शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) एका झिप पिशवीत आणि आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. पिशवीवर मार्करने लिहिलेलं पेट्रोलचा हात लागला की पुसलं जातं. किंग पिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिचे, शिम वरचे आणि खालचे वेगळे ठेवा, हे मिसळले तर पुढे फार छळतात.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल मारा, परत सकाळी मारा, मग पाना लावा. काही जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पाइप घालून सगळी ताकद लावायच्या आधी स्टडच्या टोकावर 'एल' आहे का बघा.

बऱ्याच जुन्या मॉडेलात पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती सर्वात आधी काढून मोकळ्या हवेत ठेवा.

इशारा: टाकी रिकामी असली, धुतलेली असली तरी तिला वेल्डिंग करायचं नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. भोक पडलेली टाकी बदला.

## टप्पा ५: चॅसिस आणि पत्रा

सगळ्यात जास्त चुका इथे. कुजलेल्या जागेवर वरून नवा पत्रा चिकटवतात, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. दोन पावसाळ्यांत तिथेच फुगा येतो, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं.

योग्य रीत अशी की कुजका भाग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापायचा, पुठ्ठ्याचा नमुना बनवायचा, १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा त्या मापाने कापून कडेला कड जुळवून लावायचा, जमिनीच्या भागाला १६ गेज. वेल्डिंग सीओटूवाल्याकडून करून घ्या, आर्कने पातळ पत्रा जळतो. आणि त्याला सांगा की सलग रेघ मारू नको, टाके मारत जा, इथे एक, तिथे एक, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. बॉडी चॅसिसवर बोल्ट करूनच वेल्डिंग करायचं, वेगळी ठेवून केलं तर नंतर भोकं जुळत नाहीत. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणू नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर ताप आणतो. दारूखान्याच्या भंगार बाजारातून जाड चॅनेल किंवा प्लेट आणून चॅसिसला ठिगळ लावायचं मनात असेल तर आधी अनुभवी फॅब्रिकेटरला दाखवा. चॅसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवायचाच नाही, तो पुसट झाला तर कागद खरे असूनही गाडी संशयात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, अल्टरनेटर असेल तर त्याचीही. आणखी एक, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर वेल्डिंग केलं तर विषारी गॅस तयार होतो, त्यामुळे साफसफाईला साधा थिनर घ्या आणि तो पूर्ण उडून जाऊ द्या.

मग गंज. सुटा गंज वायर ब्रशने काढा, खड्ड्यात राहिलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, डब्यावर लिहिलंय तेवढं थांबून पुसा, वाळवा, आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, ब्रशने मारला तरी चालेल. सांध्यांत सीम सीलर. चॅसिसच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीने.

इशारा: साधा राखाडी प्रायमर पाणी शोषतो. तो मारून गाडी पावसात सोडली म्हणजे ओला टॉवेल गुंडाळून ठेवल्यासारखं आहे. एपॉक्सी ओल अडवतो, म्हणून खालचा थर तोच.

तपासा: दारं असतील तर दारं, बॉनेट, काचेची फ्रेम, सगळं कोरडं बसवून बघा. फटी आत्ता जुळल्या नाहीत तर रंगानंतर जुळणार नाहीत.

## टप्पा ६: ब्रेक आणि स्टिअरिंग

इंजिनाआधी हे, कारण न थांबणारी गाडी चालू करून उपयोग काय?

सीजे-३बी सारख्या जुन्या जीपला चारी चाकांना ड्रम, बूस्टर नाही आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एक पाइप फुटला की चारी ब्रेक गेले. त्यामुळे इथे "अजून चालेल" म्हणून काही ठेवायचं नाही: रबरी होज सगळे नवे (जुने बाहेरून धड दिसतात, आतून फुगलेले असतात), चाकांचे सिलिंडर नवे, गंजलेले ब्रेक पाइप नवे, मास्टर सिलिंडरला आत खड्डे असतील तर तोही नवा. किट टाकून दोन पैसे वाचवायची जागा ही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ड्रममधली धूळ हवा मारून किंवा फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेक ऑइल डॉट-३, सीलबंद डब्यातलं. अर्धा उघडा पडलेला डबा मुंबईच्या हवेत पाणी ओढतो. ब्रेक लाइनमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरू करा, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी ब्रेक शू ॲडजस्ट केलेले हवेत, नाहीतर पेडल कायम खोल जाणार आणि तुम्ही दिवसभर एअर काढत बसणार.

स्टिअरिंग थरथरतं म्हणून लोक लगेच डँपर (थरथर दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) लावतात. थरथर येते किंग पिन बेअरिंग, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, टायरचं बॅलन्सिंग ह्यातून. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा, आणि मित्राला बघायला सांगा की नेमकं काय हलतंय. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला जेवढी आत वळलेली असतात तेवढा फरक, सीजे-३बी ला एक ते अडीच मिलिमीटर. स्टिअरिंग बॉक्सचा प्ले ॲडजस्ट करताना चाकं सरळ ठेवा, जास्त आवळलात तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही.

तपासा: पेडल पूर्ण ताकदीने दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे, बाहेर नाहीतर मास्टरच्या आत. सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: इंजिन, गिअर, डिफरन्शियल

सीजे-३बी च्या पेट्रोल इंजिनाचा इनटेक वॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे हेड एकट्यालाच लेथवाल्याकडे नेऊन "वॉल्वचं काम झालं" म्हणू नका, निम्मं काम ब्लॉकमध्ये राहतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी उलटसुलट झाल्या तर कार्बोरेटरला दोष देऊ नका. डिझेल असेल तर पंप आणि नोझल टेस्टिंगवाल्याकडे द्या, घरी उघडायचे नाहीत.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, म्हणून इथेनॉलला चालणारे पाइप आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्राम टाका. थर्मोस्टॅट काढून फेकायची मिस्त्री लोकांची सवय आहे, फेकू देऊ नका, इंजिन कायम थंड चालून लवकर झिजतं. गरम होत असेल तर रेडिएटर साफ करा.

गिअर बॉक्सला जीएल-४ ग्रेडचं ऑइल, कारण पितळी सिंक्रो रिंगा असतात. डिफरन्शियलला जीएल-५, ९० नंबर. ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याची, ऑइलची पातळी वेगळी बघा. आणि कुठलंही ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट उघडा, मग गाळायचा. उलट केलंत आणि भरायचा बोल्ट अडकला तर रिकामा गिअर बॉक्स घेऊन बसाल.

## टप्पा ८: वायरिंग

जुन्या जीपला फ्यूज जवळपास नसतातच. पूर्ण नवा हार्नेस (वायरींचा संच) घ्या, जोड मारत बसू नका. फ्यूज बॉक्स, हेडलाइटला रिले, आणि इंजिनापासून चॅसिसला आणि चॅसिसपासून बॉडीला जाड अर्थ पट्टी, रंग खरवडून लावलेली. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०, जुना स्विच एवढा करंट वर्षानुवर्षं सोसत नाही म्हणून रिले. पत्र्यातून वायर जाते तिथे रबर ग्रोमेट.

## टप्पा ९: रंगाआधी चालवा

एपॉक्सी प्रायमरमध्येच गाडी चालू करून फिरवा. आधी कंपाउंडमध्ये, मग विमा, पीयूसी, फिटनेस जागेवर असतील तर सकाळी लवकर रस्त्यावर. गळती, आवाज, घासणारा टायर, न पुरणारी ब्रेक लाइन, सगळं आत्ता बाहेर येतं आणि आत्ताच ग्राइंडर लावणं परवडतं.

इशारा: फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर टेस्ट करू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस किंवा युनिव्हर्सल जॉइंट तुटतो. कच्चा, सैल मातीचा रस्ता शोधा. समुद्रावर नेऊ नका, पोलीस पकडतात ते वेगळं, खारं पाणी सहा महिन्यांचं काम सहा आठवड्यांत खातं.

## टप्पा १०: रंग

घासणं, पुट्टी, ओला पॉलिश पेपर हे घरी करा. पुट्टी पातळ, खड्डा भरण्यापुरती, आणि एपॉक्सीवरच. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा स्प्रे मात्र बूथमध्ये, त्याच्या हार्डनरमधलं रसायन फुफ्फुसाला कायमचं इजा करतं, कापडी मास्क तिथे शोभेचा. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करायला अर्ज आधी द्या.

## टप्पा ११: आता हौस

परत काढता येईल तेच लावा, हा माझा नियम. चांगल्या सीटा, सीट बेल्ट, कुलूपवाला पेटारा, कॅनव्हासचं धड टप, जमिनीला रबर मॅट जी उचलून खालचा पत्रा बघता येतो (चिकटवलेला गालिचा नको, पावसाळ्यात खाली तळं होतं). पुढे लोखंडी बुल बार नको, केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. मूळ ६.००-१६ च्या जागी फार मोठे टायर घातले तर स्टिअरिंग जड, ब्रेक कमी पडतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि आरटीओत प्रश्न येतात. दिसायला भारी दिसते हे मान्य, पण बूस्टर नसलेल्या ड्रमवर घाट उतरताना ते लक्षात येतं. जे काही लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेम अडतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट परत टॉर्क करा, ५०० नंतर पुन्हा, आणि तेव्हाच इंजिन ऑइल बदला. ड्रम काढून चाकांच्या सिलिंडरांची रबरं उचलून बघा, आत ओलं दिसलं तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही.